टर्नोव्हच्या बाजूने

पन्हाळ्याला रेल्वे नाही. तिला यायचंच असतं तर केर्लीपर्यंत ती उत्साहात आली असती, वाघबीळच्या चढाला लागली असती आणि दुसऱ्या वळणावर दम टाकून गुपचूप मागं फिरली असती. गडावर जे येतं ते रबरी चाकांवर : एसटी, वडाप, शाळांच्या सहली आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या मोटारी, ज्यांतून उतरणारी माणसं आधी भाजलेलं कणीस मागतात आणि मग इतिहास. सगळ्यात जवळचे रूळ खाली कोल्हापुरात, वीसेक किलोमीटरवर, आणि तेही तिथंच संपतात. कोकणात उतरणारी कोल्हापूर-वैभववाडी लाईन 2016 साली मंजूर झाली, पण तिच्या गाड्या अजून फायलींवरच धावतात. त्यामुळं आम्हा गडकऱ्यांच्या रेल्वेप्रेमात व्यवहाराचा अंश फार थोडा. लोकल चुकल्याची तगमग आम्हाला ठाऊक नाही, चौथ्या सीटवरून झालेलं भांडण नाही, पासाची रांग नाही. ज्या वस्तूशी रोजचा संबंध नाही तिच्यावर माणूस कसं निखळ प्रेम करू शकतो, हे पाहायचं असेल तर आमच्याकडे यावं. सज्जाकोठीच्या बाजूला संध्याकाळी बसलेली म्हातारी माणसं महालक्ष्मी एक्स्प्रेस आता सुटली असेल, आता मिरजेला लागली असेल, असं घड्याळ न बघता सांगतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना कुठंच जायचं नसतं.

अशा या गावात माझा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुम्हाला आवडंल असं नाटक बघून आलो. सगळी पात्रं इंजिनं आणि डबे आहेत." भाचा जर्मनीत डॉर्टमुंडला असतो. शेजारच्या बोखुम गावात 'स्टारलाइट एक्स्प्रेस' नावाचं संगीत नाटक 12 जून 1988 पासून चालू आहे, आणि त्यासाठीच मुद्दाम थिएटर बांधलेलं आहे. संगीत अँड्र्यू लॉइड वेबर यांचं, गाणी रिचर्ड स्टिल्गो यांची. नटनट्यांच्या पायांत चाकांचे बूट, अंगावर धातूसारखी चमकणारी चिलखतं, आणि धावण्यासाठी प्रेक्षकांच्या मधून, मागून आणि बाजूनं गेलेले मार्ग. पात्रं गाता गाता शर्यत लावतात. नाकासमोरून एखादं इंजिन सूं करून जातं तेव्हा केस उडतात म्हणे. भाच्याच्या मुलीचे उडाले. तिनं ते तसेच राहू देऊन फोटो काढला.

संगीत नाटक आणि शर्यत यांची ही सोयरीक ऐकून दुसरं एखादं गाव बिचकलं असतं. कोल्हापूर बिचकणार नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि पॅलेस थिएटर शेजारी शेजारीच उभं केलं. त्या थिएटरचं पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं आणि 2024च्या ऑगस्टमध्ये ते आगीत होरपळलं तेव्हा आख्खं शहर रस्त्यावर येऊन उभं राहिलं. एका अंगाला शड्डू, दुसऱ्या अंगाला पदं, अशी आमची सांस्कृतिक रचना. लॉइड वेबरसाहेबांनी केलं एवढंच, की मधली जागा काढून मैदान थेट थिएटरात आणलं.

गोष्ट साधी आहे. एका मुलाच्या स्वप्नात त्याची खेळण्यातली आगगाडी जिवंत होते आणि जगज्जेतेपदाची शर्यत लागते. ग्रीसबॉल नावाचं डिझेलचं इंजिन दांडगाई करतं, इलेक्ट्रा नावाचं विजेचं इंजिन तोऱ्यात असतं, आणि रस्टी नावाचं वाफेचं गंजकं इंजिन, ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, ते शेवटी जिंकतं. ते जिंकणार हे पहिल्या शिट्टीलाच कळतं, आणि तरी सगळे जीव मुठीत धरून बघतात. माझं लक्ष मात्र त्या तिघांवर थांबलं नाही. शर्यतीत देशोदेशीची इंजिनं येतात. फ्रान्सची टीजीव्ही येते, जपानची शिंकान्सेन येते, ब्रिटिशांची ती वळणावर कलणारी गाडी येते जिच्यात प्रवाशांना मळमळायचं, आणि या सगळ्या सुसाट मंडळींत रशियातून येतो टर्नोव्ह. तो कोण? तर ट्रान्स-सायबेरियन एक्स्प्रेस.

इथं मी भाच्याला थांबवलं. म्हटलं, कोण म्हणालास?

मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत 9,289 किलोमीटर. जायला सहा-सात दिवस लागतात. हिशेब केला तर ताशी साठेक किलोमीटर पडतात. एवढ्या वेगानं तर आमची एसटीही केर्लीच्या सपाटीला जाते. त्या रशियन गाडीचं मोठेपण वेगात नाहीच, न संपण्यात आहे. खिडकीबाहेर बर्चची झाडं लागतात, माणूस झोपतो, उठतो, तीच झाडं असतात. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा समोवार, धातूच्या नक्षीदार कड्यात बसवलेला काचेचा पेला, आणि डब्याची मालकीण असल्यासारखी वावरणारी एक सेविका. 2018च्या ऑगस्टपर्यंत त्या सगळ्या मार्गावर गाडीची वेळ मॉस्कोची धरायचे. म्हणजे व्लादिवोस्तोकला रात्र पडलेली असायची आणि स्टेशनातलं घड्याळ भर दुपार दाखवायचं. सात तासांचा फरक खिशात घालून शांतपणे चहा पिणारी ही गाडी. तिला घड्याळ लावलेल्या शर्यतीत उतरवणं म्हणजे रात्रभर आख्यान लावणाऱ्या कीर्तनकाराला दोन मिनिटांचं आभारप्रदर्शन करायला सांगणं. नाटक लिहिणाऱ्यांना हे सुचलं नसेल असं नाही. रशिया नकाशावर एवढा मोठा पसरलेला, त्याला वगळून जगज्जेतेपद कसं म्हणायचं? मग बोलावला बिचाऱ्याला.

लंडनमध्ये हा खेळ पहिल्यांदा लागला 27 मार्च 1984 रोजी. तेव्हा रशियाचं इंजिन म्हणजे तिकडच्या प्रेक्षकाला जरा भीतीचं, जरा थट्टेचं. पण बरोबर आठवड्यानं, 3 एप्रिलला, सोयुझ टी-11 मधून राकेश शर्मा अवकाशात गेले, आणि इकडं आमच्या आळीत पेढे वाटले गेले. त्याच दिवसांत रशियाचं एक वाहन लंडनमध्ये हरत होतं आणि दुसरं आपला माणूस घेऊन आभाळात चढत होतं. आता सांगा, पन्हाळ्यावरच्या पोरांनी टाळ्या कुणासाठी वाजवल्या असत्या?

त्या पिढीच्या आमच्यासारख्यांना रशिया लाल नव्हता, गुळगुळीत होता. 'सोव्हिएत देश' या नियतकालिकाचा कागद असा तकतकीत, की वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला त्याच्यासारखा कागद नव्हता. वर नावाची पट्टी मात्र चिकटायची नाही, आणि शाई दौतीतून आल्यासारखी पसरायची. माझ्या गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी एक हसरी बाई होती. घडी घालताना तिचा अर्धा चेहरा आत गेला होता. वर्षभर ती एका डोळ्यानं माझे भागाकार बघत हसत राहिली. त्याच वाटेनं गायदारची 'चुक आणि गेक' ही गोष्ट आली. दोन भाऊ आईबरोबर मॉस्कोहून आगगाडीत बसतात आणि बाबांना भेटायला बर्फाळ रानात जातात. निघण्याआधी भांडणात त्यांनी बाबांची तार खिडकीबाहेर भिरकावून दिलेली असते, आणि आईला सांगायचं मात्र राहून जातं. तारेत लिहिलेलं असतं, इतक्यात निघू नका. गाडी आपली निवांत चालली आहे, आई वाट बघते आहे, आणि दोन पोरांच्या पोटात ती तार. या प्रवासात गाडीनं कितीही वेळ घ्यावा, नऊ हजार काय, नव्वद हजार किलोमीटर जावं, असं मला वाटायचं. उतरलं की खरं सांगावं लागणार ना!

वारणेपलीकडच्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला पायी गेले, कारण गाडीचं भाडं नव्हतं. पुढं 1961 साली ते रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. ज्या माणसाला मिरजेची गाडी परवडली नाही त्याला मॉस्कोनं बोलावून घेतलं, याचा आमच्या भागाला अजून अभिमान आहे. रशियाबद्दल आमच्याकडचा मतदार आधीच फुटलेला आहे, हे त्या नाटकवाल्यांनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

आणि टर्नोव्हशी आमचं नातं पुस्तकांपुरतं नाही, जन्मसालाचं आहे. शाहू महाराजांनी 1888 साली, वयाच्या चौदाव्या वर्षात, कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ मारली. ती लाईन 1891 साली सुरू झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात रशियाचा युवराज निकोलस हिंदुस्थान बघायला मुंबई बंदरात उतरला होता. देश बघून, पूर्वेकडचा फेरा मारून तो व्लादिवोस्तोकला पोचला आणि 31 मे 1891 रोजी त्यानं मातीची एक ढकलगाडी स्वतःच्या हातानं लोटून सायबेरियाच्या रेल्वेचा मुहूर्त केला. म्हणजे आमची गाडी पहिल्यांदा कोल्हापुरात शिरली त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक राजपुत्र माती लोटत होता. आमची लाईन पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. त्यांची पुरी व्हायला 1916 उजाडलं. एका साली जन्मलेल्या दोघांत एकजण अंगणाबाहेर गेला नाही आणि दुसरा घरीच परतला नाही, असं काहीसं. पण सोयर-सुतक पाळावं इतपत नातं आहेच.

टर्नोव्हच्या घराण्याचं आणखी एक वर्म मला सापडलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. मध्ये बैकल सरोवर आडवं येतं. 1904 साली जपानशी युद्ध पेटलं तेव्हा त्याच्या काठानं जायचा मार्ग पुरा झाला नव्हता. रशियनांनी काय करावं? हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर सरळ रूळ अंथरले. एका इंजिनाखालचा बर्फ फुटला आणि ते तळाशी गेलं. मग डबे घोड्यांनी ओढून पलीकडं नेले. पायांत चाकं बांधून लंडनच्या रंगमंचावर घसरणारा टर्नोव्ह बाकीच्यांना नवशिक्या वाटला असेल. पण आगगाडीनं घसरायचं असतं हे त्याच्या आजोबांना सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं, आणि घसरताना बुडायचं कसं, हेही.

तर असा हा गडी शर्यतीत उतरतो आणि हरतो. नाटकात ते तसंच ठरलेलं आहे. खासबागेत मैदान असलं की मोठ्या जोडीआधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लावतात. त्यांचे निकाल कुणी लिहून ठेवत नाही, पण त्यांच्याशिवाय मैदान तापत नाही. टर्नोव्हचं काम तेच. मला मात्र गडावर राहून राहून एक खोड लागली आहे : शर्यत म्हटली की आधी कोण मागं राहिला ते बघायचं. इथून निघालेली सगळ्यात मोठी दौड 1660च्या जुलैमधली, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून, मुसळधार पावसातल्या रात्रीची. त्या रात्री पालख्या दोन निघाल्या. एक शिवरायांना घेऊन विशाळगडाकडं गेली. दुसरीत बसलेल्या शिवा काशीदांना ठाऊक होतं की आपली पालखी पकडली जाण्यासाठीच निघाली आहे. गडाच्या पायथ्याला नेबापूरला त्यांची समाधी आहे. त्या रात्रीची गोष्ट आणि लंडनच्या चाकांच्या बुटांतला खेळ एका तागडीत घालायचा नाही, एवढं मलाही कळतं. पण नेबापूरच्या वाटेनं रोज खाली-वर करणाऱ्या माणसाला, जिंकायला न निघालेल्या माणसाकडं बघायची नजर आपोआप येते, आणि मग ती नको तिथंही वापरली जाते. सर्कशीत, निवडणुकीत, नाटकात.

भाच्याला म्हटलं, हे नाटक कोल्हापुरात बसवायला हवं. तो हसला, पण मी रात्रभर पात्रं वाटत बसलो. महालक्ष्मी एक्स्प्रेस ही घरची थोरली. ती शर्यतीत पळणारच नाही, ती रात्री निघते, सगळ्यांना झोपवते आणि सकाळी मुंबईला पोचते, वर "किती वेळ लागला?" असं विचारणाऱ्याकडं नुसतं बघते. कोयना दिवसाची, तिला वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसाशी बोलायचं असतं, त्यामुळं पहिल्या फेरीतच ती कुठल्यातरी स्टेशनात चौकशी करत अडकेल. हरिप्रिया तिरुपतीहून येते. जाताना तिच्यात केस असतात, येताना नसतात. वाऱ्याला होणारा अडथळा कमी झाल्यानं परतीच्या फेरीत तिला संधी आहे, असं माझं तांत्रिक मत. पाहुणी कलाकार म्हणून पुण्याची दख्खनची राणी. 1 जून 1930चा जन्म, दरवर्षी वाढदिवसाला पुणे स्टेशनात केक कापून घेते, तेव्हा तिला पहिल्या रांगेतली खुर्ची द्यावी लागेल. वंदे भारत सप्टेंबर 2024 मध्ये कोल्हापूर-पुणे सुरू झाली तेव्हा आठवड्यातून तीन दिवसच धावायची. तालमीला उरलेल्या चार दिवसांत बोलवायचं. ती जिंकेल यात शंका नाही आणि मौजही नाही.

आणि मध्यंतरानंतर दिवे मंद करून, हार्मोनियमवर दोन लांब सूर धरून, टर्नोव्हचा प्रवेश. तो विंगेतून निघेल तो तिसऱ्या अंकापर्यंत चालतच राहील. प्रेक्षक चहा पिऊन येतील, तो चालतो आहे. खासबागेच्या बाजूला कुणीतरी मोळी डाव टाकेल, आरोळी उठेल, तो चालतो आहे. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे खटकणार नाही. एका पदाला तीन-तीन वन्समोअर देऊन पहाट करणाऱ्या पूर्वजांची आम्ही नातवंडं. मरायला टेकलेल्या नायकाला उठवून पुन्हा गायला लावणारी ही जमात एका रशियन गाडीला सात दिवस द्यायला का कू करणार नाही. लंडनमध्ये 7,409 प्रयोग झाले, शेवटचा 12 जानेवारी 2002 ला. मधल्या काळात, 1991च्या डिसेंबरात, सोव्हिएत युनियनचा झेंडा खाली उतरला, आमच्याकडं तकतकीत कागद येणं थांबलं, आणि वह्यांना खाकी कव्हरं आली. इथं हार्मोनियमवाल्यानं एखादी जागा घ्यायला हरकत नाही.

हे सगळं मी स्वप्नात रंगवत असताना खरा टर्नोव्ह महाराष्ट्रात येऊन दाखल झाला आहे, आणि तोही लातूरला. रेल्वे विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या कायनेट या कंपनीला 120 स्लीपर वंदे भारत गाड्यांचं काम मिळालं, आणि तिथल्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात त्या बांधायचं ठरलं. पुढं आराखड्यावरून बराच खल झाल्याच्या बातम्या आल्या. त्या मी इतर कुठल्याही बातमीपेक्षा मन लावून वाचल्या. रशियन अभियंत्यांपुढं आपल्याकडून जे मुद्दे गेले म्हणतात त्यांत स्वच्छतागृहं होती, पँट्री होती, सामानाची जागा होती. वाचून माझा ऊर भरून आला. जगातल्या कुठल्याही रंगमंचावर टर्नोव्हला हे प्रश्न कुणी विचारले नव्हते. सगळ्यांनी एकच विचारलं, किती जोरात पळतोस? आपण विचारलं, रात्री उठावं लागलं तर? भूक लागली तर? बोचकं कुठं ठेवू?

हे प्रश्न त्याला ओळखीचे वाटले असणार. सायबेरियात सात रात्री माणसं झोपवून नेणाऱ्या घराण्यातला तो. माझी एकच विनंती आहे, आणि ती कुणी लातूरला जाणारा असेल तर त्यानं पोचवावी. आमच्या बायका मुलाकडं निघाल्या की हातात कांडलेल्या तिखटाची बरणी आणि पिशवीत गुळाची आख्खी ढेप असते. ती वर रॅकवर ठेवता येत नाही, खालच्याच्या डोक्यात पडते. मागच्या दिवाळीत माझी थोरली बहीण मुंबईपर्यंत ती मांडीवर घेऊन बसली, तेव्हा सीटखाली बरोबर तेवढी, चौकोनी नको, गोल जागा ठेवा म्हणावं.